बसून आलेली चकाकी

माझं केस कापायचं दुकान आणि मोमोसे फुसाएताईंचं गणवेशाचं दुकान यांच्यामध्ये फक्त एक अरुंद रस्ता आहे. काच माझीही मोठी, त्यांचीही मोठी. मी गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा फिरवत असलो की आरशात त्या दिसतात, आणि त्या काज करत असल्या की त्यांना मी दिसतो. आमची खटकाखटकी झाली नाही असा दिवस सहसा जात नाही. तेव्हा त्यांच्याबद्दल लिहायचा हक्क मला नाही तर कुणाला?

कामिउरा हे आमचं बंदराचं गाव. थंडीत खेकडे, उन्हाळ्यात माकूळ, आणि मधल्या काळात एकमेकांच्या घरातल्या चौकश्या. गावात माध्यमिक शाळा एकच. बारा वर्षांचं पोर प्राथमिक शाळेतून बाहेर पडायला आलं की फेब्रुवारीत आईबरोबर मोमोसेंच्या दुकानात मापाला उभं राहायचं. मुलांना काळा बंद गळ्याचा कोट आणि पँट, मुलींना निळा खलाशी गळ्याचा सदरा आणि निळा चुण्यांचा स्कर्ट. मी तेच घातलं, माझ्या मुलाने तेच घातलं.

फुसाएताई माप आजचं घेत आणि कपडा तीन वर्षांनंतरच्या पोराचा शिवत. बाह्यांत, पँटच्या पायांत, स्कर्टच्या खालच्या घेराला आतून इतकी दुमड ठेवत की एप्रिलमध्ये नवी मुलं शाळेत निघाली की नुसते कोटच चाललेत असं वाटायचं.

"ताई, हा पोरगा कोटात हरवलाय," मी रस्त्यापलीकडून ओरडायचो.

"सापडेल दोन वर्षांनी. तू तुझी कात्री बघ."

पोर वाढलं की ते दुकानात येई. ताई टाके उसवत, एक दुमड सोडत, पोराच्या पाठीवर थाप मारत आणि "जेवतोस म्हणजे नीट," म्हणत. वैद्याने नाडी बघावी तशा त्या दुमडी बघत.

दुमड त्यांची लाडकी, तशी चकाकी त्यांची वैरीण. शाळेच्या लाकडी खुर्चीवर महिनोन्महिने बसून पँटचा आणि स्कर्टचा मागचा भाग घासतो आणि गडद कापड चमकायला लागतं. जूनच्या पहिल्या तारखेला सगळा देश थंडीचे कपडे उतरवून उन्हाळी कपडे घालतो. त्या आठवड्यात गावातल्या झाडून सगळ्या पोरांचे मागचे भाग ताईंच्या टेबलावर येऊन पडत. ओलं फडकं, वाफेची इस्त्री, ब्रश. चकाकी गेल्याशिवाय कपडा दुकानाबाहेर जात नसे.

"बसतात की घासतात, काय कळत नाही," त्या पुटपुटत. पण हे पुटपुटणं लाडाचं होतं हे मला ठाऊक होतं.

त्याचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं, तेही माझ्या बायकोने त्यांना प्लमची दारू जरा जास्त पाजली तेव्हा. त्या मूळच्या वरच्या डोंगरातल्या. पाच भावंडांत धाकट्या. थोरल्या भावाची पँट उलटी करून, उसवून आईने त्यांना शाळेचा स्कर्ट बेतला होता. तो घालून त्या शाळेत गेल्या, आणि त्यांना शाळा मनापासून आवडली. भूगोल तर फारच. पण पंधराव्या वर्षी माध्यमिक शाळा संपली आणि त्या वर्षीच्या सगळ्या गरीब पोरांना एका गाडीत बसवून शहरांतल्या कारखान्यांत पाठवलं. तेव्हा तशीच पद्धत होती. स्टेशनवर बँड वाजत होता, आया रडत होत्या. ताई लोकरीच्या गिरणीत लागल्या.

"गाडीत सगळ्या पोरी शाळेच्याच गणवेशात होत्या रे," त्या म्हणाल्या. "दुसरे चांगले कपडे कुणाकडे होते? गिरणीत पोचल्या पोचल्या मुकादमाने तो उतरवायला लावला. मी घडी घातली आणि बघितलं, मागे चकाकत होता. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, बसले होते मी शाळेत. कुणी नाही म्हणू शकणार नाही."

पुढे मोमोसेंच्या घरात लग्न होऊन आल्या, नवरा लवकर गेला, दुकान राहिलं. गणवेश म्हणजे त्यांच्या लेखी शाळेचं दारच होतं. होडीवाल्याचं पोर आणि डॉक्टरचं पोर त्यातून सारखंच आत शिरतं, असं त्या अभिमानाने सांगत, आणि त्यात काडीचाही फरक त्यांना चालत नसे.

माझ्यावर वेळ आली तेव्हा त्यांनी मला मुळीच सोडलं नव्हतं. पूर्वी शाळेचा नियम होता: मुलांनी डोक्याचा गोटा करायचा. एप्रिलच्या आधी माझ्याकडे रांग लागायची, मशीन गरम व्हायचं. मग एका वर्षी नियम गेला. पोरं केस वाढवून हिंडू लागली आणि मी रिकाम्या खुर्चीवर बसून समुद्र बघू लागलो.

"देश बुडाला," मी म्हणालो होतो.

"देश नाही, तुझं मशीन बुडालं," ताई म्हणाल्या होत्या. "जरा दुसरं काही कापायला शीक. नाहीतर कलिंगडं विक." आणि पोटभर हसल्या होत्या.

तर अशा या ताई. आता रित्सुबद्दल सांगतो.

रित्सु ही कासुमीची मुलगी. कासुमी माशांच्या वड्यांच्या कारखान्यात कामाला, नवरा बोटीवर. रित्सु माझ्या नातीच्या, हिनानोच्या वर्गातली. काटकुळी, सायकल पिसाटासारखी चालवणारी, आणि बोलण्यात फटकळ. मापाला आली त्या दिवशी माझं दुकान रिकामं होतं आणि त्यांचं दार उघडं होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"आजी, मला पँट शिवाल?"

"पँट मुलांना."

"मला स्कर्ट नकोय."

"नको असायला काय ती भाजी आहे? हात वर कर."

"स्कर्ट घातला की मला वाटतं मी नाटकात काम करतेय. रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत नाटक नाही करता येत मला."

कासुमी कसनुशी हसली. "काकू, तुम्ही लक्ष नका देऊ. सवय होईल तिला."

"सगळ्यांनाच होते," ताई म्हणाल्या आणि खडूने खूण केली. स्कर्ट सुंदर झाला. चुण्या सुरीने कापल्यासारख्या, खाली घसघशीत दुमड. एप्रिलमध्ये प्रवेशाचा समारंभ झाला. शाळेच्या फाटकाशी आईबापांबरोबर फोटो काढायची रीत आहे. रित्सुच्या फोटोत आईबाप हसतायत आणि ती कॅमेऱ्याच्या पलीकडे कुठेतरी बघतेय. त्यानंतर काही दिवस ती शाळेत गेली. मग पोट दुखलं. मग डोकं दुखलं. मग काय दुखतंय हे सांगणंही तिने बंद केलं.

कुणी शाळेत आलं नाही की त्या दिवशीचे कागद जवळ राहणाऱ्या मुलाने घरी नेऊन द्यायचे असतात. ते काम हिनानोकडे आलं. रोज संध्याकाळी ती रित्सुच्या गल्लीत वळायची, कागद दारावरच्या पत्रपेटीत टाकायची, आणि थोडा वेळ दाराशी उभी राहायची.

"काय म्हणाली?" मी विचारायचो.

"काही नाही. पण दारामागे असते ती. पाय दिसतात खालून."

गावात अशा गोष्टी सगळ्यांना माहीत असतात आणि कुणी बोलत नाही. बोललं तर त्या घराला तोंड लपवावं लागतं, म्हणून न बोलणं हाच आमच्याकडे शेजारधर्म. फुसाएताईंना मात्र खरंच माहीत नव्हतं; जूनच्या ढिगात एक स्कर्ट कमी आहे हेही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. त्या कापडात डोकं घालून बसणाऱ्या, आणि सरळ विचारणाऱ्या. त्यामुळे त्यांच्यासमोर तर सगळेच जास्त गप्प बसत.

ऑक्टोबरच्या अखेरीस एका दुपारी कासुमी कारखान्याच्या पांढऱ्या टोपीतच त्यांच्या दुकानात शिरली. हातात कापडी पिशवी. पिशवीत तो स्कर्ट.

"काकू, हा कुणा गरजू मुलीला द्या. नवाच आहे."

ताईंनी स्कर्ट टेबलावर पसरला. आधी दुमड बघितली: टाके जसेच्या तसे. मग उलटा केला आणि मागची बाजू खिडकीच्या उजेडात धरली. हे मी आरशातून बघत होतो आणि माझा वस्तरा थांबला होता.

"चकाकी कुठेय?" ताई म्हणाल्या.

कासुमीने डोक्यावरची टोपी काढून मुठीत धरली.

"पोरगी बसलीच नाही शाळेत. अं? कासुमी, मी विचारतेय."

मग कासुमी मटकन खाली बसली. एप्रिलपासून न रडलेलं सगळं ती त्या टोपीत तोंड घालून रडली. नवरा म्हणतोय, नसेल जात तर नसो, मोठी झाली की बोटीवर घेऊन जाईन. शिक्षक येतात, दारात वाकून नमस्कार करतात, वाट बघतोय म्हणतात आणि जातात. पोरगी घरात स्वयंपाक करते, भांडी घासते, नकाशांची पुस्तकं वाचते. आणि शाळेचं नाव काढलं की दार लावून घेते.

"नकाशांची?" ताईंनी विचारलं.

"हो. भूगोल आवडतो तिला."

ताईंनी दुकान बंद केलं. भर दुपारी. नवरा गेला त्या दिवशी सोडलं तर मी ते दार दुपारी बंद झालेलं पाहिलं नव्हतं. रस्ता ओलांडून त्या माझ्याकडे आल्या आणि गिऱ्हाइकाच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या.

"तेप्पेई, तुला ठाऊक होतं."

"सगळ्यांना ठाऊक होतं, ताई."

"मी त्या पोरीच्या अंगावर दार शिवलं रे," त्या म्हणाल्या. "बंद दार." मला आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना टोमणा मारावासा वाटला नाही. गिऱ्हाईक बिचारं तोंडाला साबण लावून छताकडे बघत बसलं.

पण हातपाय गाळून बसणं त्यांच्या रक्तात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी निळ्या कापडाचा तागा काढला आणि संध्याकाळपर्यंत पँट तयार केली. ती घेऊन रित्सुच्या घरी गेल्या, आणि अर्ध्या तासात परत आल्या त्या लालबुंद होऊन. पँट काखेत तशीच.

"काय झालं?"

"नको म्हणाली."

"पँटच हवी होती ना तिला?"

"म्हणाली, ही मुलींची पँट आहे." त्यांनी ती माझ्यासमोर आपटली. "बघ. चेन बाजूला घेतली, कंबर चापून बसवली, पाय निमुळते केले. किती नाजूक बेतलीय! आणि पोरगी हात घालून बघते, इकडे चाचपते, तिकडे चाचपते. म्हणते, आजी, खिसे कुठेत? मुलांच्या पँटला चार असतात. हिला एकही नाही."

मी पँट उचलून बघितली. खरंच नव्हता.

"ताई, मुलीने पँट मागितली. तुम्ही तिला पाय असलेला स्कर्ट दिलात."

त्या माझ्याकडे इतका वेळ रोखून बघत राहिल्या की मी वस्तरा जरा दूर ठेवला. मग एकदम हसल्या.

"मेल्या, कधी नाही ते बरोबर बोललास."

नवी पँट त्यांनी मुलांच्याच बेतावर कापली. तीच कंबर, पुढे चेन, चार खिसे. फक्त कापड निळं. खाली दुमड नेहमीपेक्षाही जास्त. पण या वेळी त्या आधी शाळेत गेल्या. कारण पँट घालून पोरगी फाटकापर्यंत गेली आणि तिथून परत पाठवली गेली, तर ती पुन्हा कधीच यायची नाही, हे त्यांना पक्कं कळलं होतं.

मुख्याध्यापक होशिना हे आमच्याच गावचे. लहानपणी बंदराच्या भिंतीवरून घसरून त्यांनी दोनदा पँट फाडली होती आणि दोन्ही वेळा ताईंनी त्यांच्या आईला न कळता शिवून दिली होती. त्यामुळे काम फत्ते होणार अशा थाटात ताई गेल्या. परत आल्या तेव्हा मी त्यांना हिरवा चहा दिला, तर त्या कपाकडे बघतच बोलायला लागल्या.

"वेड लागलंय त्या माणसाला! मी म्हटलं, मुलींना पँट घालू द्या. तर म्हणे, काकू, विषय महत्त्वाचा आहे, पण आजवर असं कधी झालेलं नाही. शिक्षकांची बैठक घ्यावी लागेल, पालकांची घ्यावी लागेल, वर विचारावं लागेल. म्हटलं, घे ना मग. तर खिडकीबाहेर बघत म्हणतो, यंदा थंडी जरा जास्तच पडेल, नाही?"

"असं म्हणाले?"

"मी पँटचं बोलतेय आणि हा हवापाण्याचं! मी म्हटलं, पँटचं काय? तर म्हणे, हो हो, पण समुद्रावरून वारा असा येतो की सायकलवरून येणाऱ्या मुलींचे गुडघे बघवत नाहीत."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, बघू नका मग! मुख्याध्यापकाने मुलींचे गुडघे कशाला बघायचे?"

माझ्या हातातली किटली सांडली असती.

"ताई, कप खाली ठेवा. तो हो म्हणाला."

"कुठे म्हणाला?"

"दोनदा म्हणाला. अहो, मुलींना पँट असं विचारलंत तर त्याला नाहीच म्हणावं लागणार. बैठक होणार, कुणीतरी हात वर करणार, वर्तमानपत्रवाला येणार, आणि सगळ्यांसमोर त्या पोरीचं नाव निघणार. पण थंडीत गुडघे झाकायला कुणाची परवानगी लागते? थंडी काय मुलामुलींत फरक करते? त्याने तुम्हाला रस्ता दाखवला, आणि तुम्ही त्याला गुडघ्यांवरून झापून आलात."

"मग सरळ सांगायला त्याच्या जिभेला फोड आलाय का?"

"सरळ सांगितलं की त्याची जबाबदारी झाली. हवापाण्याची जबाबदारी कुणाची नसते."

आमच्या लोकांची ही खोड आहे. नाही म्हणायचं असलं की विचार करतो म्हणतात, आणि हो म्हणायचं असलं की ढगांबद्दल बोलतात. मी जन्मभर लोकांची डोकी हातात धरून हे ऐकत आलोय, म्हणून मला ते कळतं. ताईंना टाका आणि दोरा कळतो, ढग नाही कळत. त्या कपाळाला हात लावून बसल्या, आणि मग म्हणाल्या, "गुडघ्यांचं मी जरा जास्तच बोलले."

दुसऱ्या दिवशी मोमोसेंच्या काचेत बदल दिसला. तिथे दोन पुतळे असतात, एक मुलाचा, एक मुलीचा. मुलीच्या पुतळ्याचा स्कर्ट उतरला होता आणि पँट चढली होती. पायाशी पाटी: थंडीसाठी. बस, एवढंच. दारूच्या दुकानातला म्हातारा काचेसमोर थांबून डोकं हलवत राहिला. ताई आतून ओरडल्या, "थंडी वाजतेय का? आत या, तुमचंही माप घेते!" म्हातारा चालता झाला.

पहिलं गिऱ्हाईक हिनानो. तिने मला विचारलंही नाही.

"तुला थंडी वाजते?" मी म्हणालो. "बर्फात आइस्क्रीम खातेस तू."

"वाजते," ती म्हणाली, आणि माझ्याकडे असं बघितलं की पुढचा प्रश्न मी गिळला.

मग तिच्या मैत्रिणी आल्या. मग मोठ्या वर्गातल्या मुली आल्या, ज्यांना रित्सुचं नावही धड माहीत नव्हतं आणि ज्यांचे गुडघे खरोखर सायकलवर निळे पडत. आया माझ्या दुकानात धाकट्यांचे केस कापायला येत आणि मी ढगांबद्दल बोलत बसे: यंदा वारा फार, नाही का? बोचरा अगदी. ताईंचं मशीन आठवडाभर खडखडत राहिलं.

रित्सुची पँट मात्र कागदात बांधून त्यांच्या मागच्या फळीवर होती. ती घेऊन त्या दुसऱ्यांदा गेल्या, आणि या वेळी मीही बरोबर गेलो, कारण त्यांची जीभ माझ्या ओळखीची आहे. रित्सु दाराच्या पायरीवर येऊन बसली. पँट उलटसुलट केली, चारही खिशांत हात घालून बघितले. चेहरा जरासा उजळला आणि पुन्हा पडला.

"पण हे थंडीसाठी आहे ना? हिनानो म्हणाली. मला थंडी वाजत नाही. खोटं कशाला सांगू?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात ताई तिच्याजवळ पायरीवर टेकल्या.

"तू काही सांगूच नकोस. बाकीच्या पोरींना वाजतेय थंडी, त्या सांगतील. तू नुसती त्यांच्यात चाल. आणि ऐक. फेब्रुवारीत तू मला खरं ते सांगितलंस आणि मी तुला भाजीवरून बोलले. ते माझं चुकलं. हे थंडीसाठी नाही शिवलेलं. हे तुझ्यासाठी शिवलंय."

रित्सु पँट मांडीवर घेऊन बसून राहिली. आम्ही निघालो तेव्हाही ती तशीच होती.

डिसेंबरमध्ये मोठा बर्फ पडला त्या सकाळी मी दुकान लवकर उघडलं. ताई आधीच बाहेर, फावडं घेऊन, साफ झालेला रस्ता पुन्हा साफ करत होत्या.

"तिथे बर्फ नाहीये ताई."

"तू गप्प बस."

खालून मुलींचा घोळका आला. निळ्या पँट्स, रबरी बूट, गळ्यात मफलर. सायकली घरी ठेवून सगळ्या पायी निघाल्या होत्या. रित्सुच्या गल्लीच्या तोंडाशी घोळका थांबला. हिनानो आत गेली, कागद देताना उभी राहायची तिथेच उभी राहिली. दार बंद. वेळ जात होता. डोंगरावरून शाळेची पहिली घंटा ऐकू आली. दोन मुली चुळबुळ करायला लागल्या. ताईंच्या हातातलं फावडं थांबलं होतं आणि त्यांचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत होत्या की मला शिव्या देत होत्या, सांगता येत नाही.

"रित्सु!" हिनानो ओरडली. "आम्हाला उशीर होतोय! आणि आता थंडीही वाजतेय, अगदी खरंच!"

घोळक्यात कुणीतरी फिसकन हसलं. आणि दार उघडलं.

रित्सु बाहेर आली ती दोन्ही हात पँटच्या खिशांत घालून. खांदे जरा वर, हनुवटी पुढे. पँट इतकी मोठी होती की बुटांवर तिच्या वळ्या पडल्या होत्या. ती कुणाकडे न बघता घोळक्यात शिरली आणि घोळका चालायला लागला. आमच्या दुकानांसमोरून जाताना तिने एक हात खिशातून काढून ताईंना दाखवला आणि परत आत घातला.

"पोरगी पँटमध्ये हरवलीय," मी म्हणालो.

"सापडली," ताई म्हणाल्या, आणि फावडं तिथेच टाकून आत गेल्या.

मार्चमध्ये बर्फ गेला. मुलींनी पँट सोडली नाही, आणि सोडा असं कुणी म्हणालं नाही. त्याआधी फेब्रुवारीत नव्या मुली मापाला आल्या होत्या तेव्हापासूनच ताई सगळ्यांना एकच प्रश्न विचारू लागल्या, "स्कर्ट की पँट?" आणि उत्तराची खरीखुरी वाट बघू लागल्या. मेच्या अखेरीस एका संध्याकाळी मुख्याध्यापक होशिना माझ्याकडे केस कापायला आले. जाता जाता त्यांनी रस्ता ओलांडला आणि मोमोसेंच्या दारात उभे राहून घसा साफ केला.

"काकू, यंदा उन्हाळ्यात डास फार होणार म्हणतात."

मी जीभ चावून वाट बघत राहिलो. ताईंनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं, आणि मग गुडघ्यांपर्यंत वाकून नमस्कार केला.

"हो ना हो, सर. पाय अगदी फोडून काढतात. पातळ कापड मी मागवूनच ठेवलंय."

होशिना गेल्यावर त्या माझ्या काचेकडे बघून अशा ऐटीत उभ्या राहिल्या जणू ढग त्यांनीच शोधून काढले.

आणि मग जून आला. सगळ्या गावाचे मागचे भाग टेबलावर येऊन पडले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर रित्सु आली, उन्हाळी पँटमध्ये, थंडीची पँट हातात. मी तेव्हा नेमका तिथेच होतो, सुई मागायला. खरं सांगायचं तर सुई माझ्याकडे होती.

"आजी, आखूड झाली. खाली सोडा. आणि मागे बघा ना, कशी चमकतेय. वर्गातली पोरं म्हणतात, रित्सु, तुझ्या मागे बघून भांग पाडता येईल. ती घालवून द्या."

ताईंनी पँट घेतली, उलटी केली आणि खिडकीपाशी नेली. उजेड पडला आणि ते निळं कापड लखलखलं. बसायच्या दोन्ही जागा, स्पष्ट. थंडीभर आणि अख्खा वसंत ती पोरगी त्या लाकडी खुर्चीवर बसली होती. मी नाक शिंकरलं, कारण त्या दुकानात कापडाचे तंतू फार उडतात.

"उद्या देते," शेवटी त्या म्हणाल्या. "जेवतेस म्हणजे नीट." आणि तिच्या पाठीवर थाप मारली.

त्यांनी दुमड सोडली, नवे टाके घातले, खालचा भाग इस्त्री करून सरळ केला. मग ओलं फडकं घेतलं, इस्त्री तापवली, आणि मागचा भाग टेबलावर पसरला. तेवढ्यात कारखाना सुटला आणि कासुमी दारात आली, तीच पांढरी टोपी हातात.

"काकू, रित्सु म्हणाली पँट तुमच्याकडे आहे. मी येतच होते, म्हटलं घेऊन जावी."

"ये इकडे," ताई म्हणाल्या. "हात दे."

त्यांनी कासुमीचा हात धरून त्या चमकणाऱ्या कापडावर ठेवला. कासुमीने तळवा एकदा खालून वर फिरवला, मग वरून खाली. तिला समजलं. त्याच टेबलावर तो कोरा स्कर्ट पसरला होता तेव्हा तीही तिथेच उभी होती.

"बसली," कासुमी म्हणाली.

"बसली. आता सरक, वाफ देते. पोरं हसतात तिला."

ताईंनी इस्त्री उचलली. कासुमीने पुढे होऊन त्यांचं मनगट धरलं.

"काकू, आज नको. उद्या घालवा. आज रात्री हिचे बाबा बोटीवरून परत येतायत. त्यांना दाखवायचीय."